'डार्कलिंग' : एका विरळ विशेषणाचा काव्यार्थ

१

इंग्रजी काव्याच्या अभ्यासकाला काही शब्द असे भेटतात की, कवितेबाहेर ते त्याच्या कानांवर जवळजवळ कधीच पडलेले नसतात. कचेरीत, न्यायालयात किंवा वृत्तपत्रात त्यांचे काम पडत नाही. अशा शब्दाचा अर्थ कोशात पाहून घेतला म्हणजे त्याचे देणे फिटले, असे वाचकाला साहजिकच वाटते. 'डार्कलिंग' हा याच जातीचा शब्द आहे. 'डार्क' हा सर्वांच्या परिचयाचा शब्द त्याच्या पोटात असल्यामुळे तो समजल्याचा भास फार लवकर होतो, आणि हा भास खोटा आहे हे तितक्याच उशिरा लक्षात येते.

कोशकार या शब्दाचे सामान्यतः दोन अर्थ नोंदवितात : 'अंधारात असलेला' आणि 'अंधारत जाणारा'. हे दोन्ही अर्थ बरोबर आहेत. परंतु टॉमस हार्डीच्या 'द डार्कलिंग थ्रश' या प्रसिद्ध कवितेचे नुसते शीर्षक मराठीत सांगण्याचा प्रसंग आला की, या दोहोंपैकी कोणता घ्यावा हा प्रश्न उभा राहतो. 'काळा थ्रश', 'अंधारलेला थ्रश', 'सांजवेळचा थ्रश' असे पर्याय सहज सुचण्याजोगे आहेत. त्यांतील पहिला पर्याय पक्ष्याचा रंग सांगतो, दुसरा त्याच्यावर पडलेली छाया सांगतो आणि तिसरा केवळ वेळ सांगतो. हार्डीच्या शीर्षकाचा रोख मात्र यांपैकी एकाही गोष्टीवर नाही. तो कशावर आहे, हे ठरविल्याखेरीज त्या कवितेतील पक्ष्याचे गाणे आशेचे आहे की अज्ञानाचे, या वादाचा निर्णय करता येत नाही. एका विशेषणाची चिकित्सा येथे करावयाची ती यासाठीच.

२

प्रथम व्याकरणाचा विचार केला पाहिजे. कारण या शब्दाचा सारा इतिहास एका व्याकरणविषयक गैरसमजातून घडला आहे. 'डार्कलिंग' हे मुळात विशेषण नव्हते. पंधराव्या शतकात तो इंग्रजीत क्रियाविशेषण म्हणून आढळतो आणि त्याचा अर्थ 'अंधारात', 'उजेडावाचून' एवढाच असतो. त्याच्या शेवटी असलेला 'लिंग' हा प्रत्यय दिशा किंवा स्थिती दाखविणारा जुना प्रत्यय आहे. 'डोके पुढे करून', 'एका बाजूने', 'पालथे पडून' अशा अर्थांची क्रियाविशेषणे इंग्रजीत याच प्रत्ययाने सिद्ध होत असत. पुढे हा प्रत्यय भाषेतून लोपला आणि त्याने घडविलेले शब्द तेवढे मागे उरले.

प्रत्ययाची ओळख बुजली की भाषा स्वतःच नवी व्युत्पत्ती रचते. शब्दाच्या शेवटी 'इंग' ऐकू येते, तेव्हा हे कोणत्या तरी धातूचे वर्तमानकालवाचक रूप असले पाहिजे, असा समज लोकांनी करून घेतला. मग 'पालथे' या अर्थाच्या 'ग्रॉव्हलिंग'पासून 'ग्रॉव्हल', म्हणजे लोटांगण घालणे, लाचारीने सरपटणे, हा धातू निघाला. 'एका बाजूने' या अर्थाच्या 'साइडलिंग'पासून 'साइडल', म्हणजे अंग चोरून बाजूने सरकणे, हा धातू निघाला. 'डार्कलिंग'चे भवितव्यही हेच होते. डॉ. जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशात हा शब्द 'डार्कल' नावाच्या धातूपासून आला असावा, असा तर्क केला. तसा धातू आपल्याला कोठे आढळला नाही, अशी प्रांजळ कबुलीही दिली. आणि हा शब्द निव्वळ काव्यातला आहे, असा शेरा मारला. जॉन्सन यांना न सापडलेला तो धातू पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कवींनी खरोखरच वापरात आणला. बापाच्या आधी मुलगा जन्मास यावा, असा हा प्रकार आहे.

ही केवळ भाषाशास्त्रातील गंमत नव्हे. शब्द क्रियाविशेषण होता, तोवर त्याला एखाद्या क्रियेचा आधार लागत असे. कोणीतरी अंधारात काहीतरी करीत आहे, एवढे वाक्य पुरे झाल्याखेरीज तो उभाच राहू शकत नव्हता. तो विशेषण झाला, तेव्हा त्याला केवळ नाम पुरेसे झाले. आणि 'इंग' हा शेवट धातूचा मानला गेल्यामुळे 'असणे' या अर्थाला 'होत जाणे' हा दुसरा अर्थ येऊन चिकटला. कोशातील दोन अर्थांचे मूळ येथे आहे. ते दोन पर्याय नसून एकाच शब्दाच्या वयातील दोन अवस्था आहेत. आणि थोर कवींनी दुसऱ्या अवस्थेतही पहिलीची आठवण बुजू दिलेली नाही.

३

शेक्सपिअरच्या नाटकांत हा शब्द तीन ठिकाणी येतो आणि तिन्ही ठिकाणी तो क्रियापदाशी बांधलेला आहे. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये रात्रीच्या अरण्यात डिमीट्रिअस हेलेनाला टाकून निघून जातो, तेव्हा आपल्याला अशी अंधारात सोडून जाणार का, असे ती विचारते. 'किंग लिअर'च्या पहिल्या अंकात विदूषक कोकिळेचे पिलू पोसणाऱ्या चिमणीची गोष्ट सांगतो. त्या पिलाने आपल्या पोशिंद्या चिमणीचेच डोके खाल्ले. मग मेणबत्ती विझली आणि सगळे अंधारात राहिले, असा तो समारोप करतो. 'अँटनी अँड क्लिओपात्रा'मध्ये मरणोन्मुख अँटनीला उचलून आणतात, तेव्हा सूर्याने आपले गोल जाळून टाकावे आणि जगाचा किनारा अंधारात उभा राहावा, अशी क्लिओपात्रा वाणी उच्चारते.

या तीन प्रसंगांत एक सूत्र आहे. अंधार येथे नुसता रात्रीचा नाही. ज्याच्या आधारावर उभे राहावयाचे, तो आधार गेल्यानंतर उरलेली ही स्थिती आहे. हेलेनाला प्रियकराने सोडले आहे, लिअरच्या घरातील दिवा त्याने स्वतःच्या हातांनी विझविला आहे, क्लिओपात्राचा सूर्य मावळतो आहे. 'डार्क' हा शब्द वस्तूचा गुण सांगतो. 'डार्कलिंग' मात्र जो मागे राहिला त्याची अवस्था सांगतो. विदूषकाच्या तोंडी तर या शब्दाला भविष्यवाणीचे रूप येते. त्याच नाटकात पुढे ग्लॉस्टरचे डोळे काढले जातात आणि अंधार हा अलंकार राहत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे विझलेल्या मेणबत्तीचा संदर्भ किती दूरवर पोहोचतो ते कळते.

या शब्दाला गाण्याशी जोडण्याचे श्रेय मात्र मिल्टनचे आहे. १६६७ साली प्रसिद्ध झालेल्या 'पॅरडाइज लॉस्ट'च्या तिसऱ्या सर्गाचा आरंभ प्रकाशाच्या आवाहनाने होतो. हे आवाहन करणारा कवी सुमारे १६५२ पासून पूर्ण अंध झालेला आहे. ऋतू परत येतात, पण आपल्याकडे दिवस परतून येत नाही, हे दुःख तो तेथे सांगतो. आणि त्याच ओघात गर्द झाडीत लपून रात्री जागणाऱ्या आणि अंधारात गाणाऱ्या पक्ष्याची उपमा स्वतःच्या काव्यरचनेला देतो. व्याकरणदृष्ट्या शब्द अजूनही क्रियाविशेषणच आहे, पण त्याचा भार बदलला. शेक्सपिअरच्या पात्रांना अंधारात सोडले जाते. मिल्टनचा पक्षी अंधारात गातो. असहायतेच्या शब्दाला येथे प्रथमच कर्तृत्व लाभले. अंधाराने गाणे थांबत नाही, किंबहुना त्या पक्ष्याची गाण्याची जागाच ती आहे, हा विश्वास या एका शब्दात येऊन बसला. मिल्टननंतरचा कोणताही जाणता इंग्रज कवी हा शब्द वापरतो, तेव्हा तो अंध कवी आणि तो न दिसणारा पक्षी यांना टाळून त्याला पुढे जाता येत नाही.

४

जॉन्सन यांनी या शब्दाला केवळ काव्यातला म्हटले, पण त्यापूर्वी सहा वर्षे, १७४९ साली, 'द व्हॅनिटी ऑफ ह्यूमन विशेस' या आपल्या कवितेत त्यांनी स्वतःच तो योजिला होता. कवितेच्या अखेरीकडे ते विचारतात की, मनुष्याने अज्ञानात स्वस्थ राहून, दैवाच्या लोंढ्याबरोबर अंधारात वाहत जावे काय? येथे अंधार बाह्य नाही. डोळे शाबूत आहेत, दिवसही असेल, पण बुद्धीला आपली दिशा ठाऊक नाही. अशा प्रकारे नैतिक अज्ञानाचा तिसरा पदर या शब्दाला जोडला गेला. बायरनने १८१६ सालच्या 'डार्कनेस' या कवितेत हा अंधार विश्वावर पसरविला. तेथे तारेदेखील वाट हरवून अंधारात भटकतात.

किट्सची 'ओड टु अ नाइटिंगेल' ही १८१९ च्या मे महिन्यातील रचना. तिच्या सहाव्या कडव्याचा आरंभच या शब्दाने होतो. किट्सने मिल्टनचे महाकाव्य किती बारकाईने वाचले होते, याची साक्ष त्याने टिपणे केलेली प्रत आजही देते; म्हणून हा शब्द त्याच्याकडे कोठून आला याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु किट्सने केलेला बदल मूलगामी आहे. मिल्टनमध्ये अंधारात पक्षी आहे आणि कवीने त्याच्याशी आपले साम्य सांगितले आहे. किट्समध्ये अंधारात ऐकणारा आहे. पायाशी कोणती फुले आहेत हे त्याला दिसत नाही, ती तो गंधावरून ओळखतो. आणि त्याच अंधारात मरण त्याला सुखद वाटू लागते. पक्षी मात्र या अंधाराच्या पलीकडचा, मृत्यूला न जाणणारा. मिल्टनने पक्षी आणि कवी यांच्यामध्ये बांधलेला सेतू किट्सने त्याच शब्दाने तोडला. गाणे एकीकडे गेले आणि अंधार एकीकडे राहिला.

त्याच वर्षी लिहिलेल्या 'द ईव्ह ऑफ सेंट ॲग्नेस'मध्ये किट्स हाच शब्द नामापूर्वी विशेषण म्हणून ठेवतो. प्रेमिकांची जोडी निजलेल्या वाड्याच्या रुंद जिन्यावरून खाली उतरते, आणि त्यांची वाट या विशेषणाने वर्णिलेली आहे. अंधार आता माणसांकडून वाटेकडे गेला. परंतु वाट काही चाचपडत नाही. चाचपडतात ती माणसे. संक्रमणकाळातील शब्द कसा वागतो याचा हा चांगला नमुना आहे. त्याचे व्याकरण पुढे गेले आहे, पण अर्थाचा पाय अजून मागेच आहे.

५

हे संक्रमण पूर्ण होते ते मॅथ्यू अर्नोल्डच्या 'डोव्हर बीच'मध्ये. ही कविता १८६७ साली प्रसिद्ध झाली. श्रद्धेचा समुद्र ओसरत चालल्याचे दुःख सांगून ती अखेरीस एका मैदानावर येऊन थांबते. त्या मैदानावर अजाण सैन्ये रात्री एकमेकांवर तुटून पडत आहेत; आणि 'डार्कलिंग' हे त्या मैदानाचे विशेषण आहे. या प्रतिमेमागे थ्यूसिडिडीझने आपल्या इतिहासाच्या सातव्या खंडात वर्णिलेली एपिपोलीची लढाई आहे, असे अभ्यासक मानतात. ख्रिस्तपूर्व ४१३ मध्ये सिराक्यूजजवळच्या त्या उंचवट्यावर अथेन्सचे सैन्य रात्री लढले. चांदणे होते, त्यामुळे समोर माणूस आहे एवढे दिसे. तो आपला की परका हे ओळखता येत नसे. परवलीचा शब्द शत्रूला कळला आणि मित्रांनीच मित्रांना मारले.

हा संदर्भ लक्षात घेतला म्हणजे अर्नोल्डने 'डार्क' हा सोपा शब्द का घेतला नाही ते उमगते. 'डार्क' म्हटले असते तर ते मैदान केवळ काळे झाले असते. 'डार्कलिंग'मुळे ते आधीच अंधारात आहे आणि अधिकच अंधारत चालले आहे, अशा दोन्ही गोष्टी एकदम जाणवतात. शिवाय जॉन्सन यांच्या कवितेतील अज्ञान त्यात मिसळते. सैन्यांची अजाणता मैदानाला चिकटते आणि मैदानाचा अंधार सैन्यांच्या मनात शिरतो. मराठीत तिन्हीसांजेला 'कातरवेळ' म्हणतात, तेव्हाही हाच व्यवहार घडतो. हुरहूर माणसाच्या मनातली असते, वेळ मात्र कातर ठरते. माणसाची अवस्था भोवतालच्या जगावर आरोपित झाली आणि जगाने ती स्वीकारली, असा हा प्रकार आहे. शेक्सपिअरपाशी मागे राहिलेल्या एकेकट्या माणसाची असलेली स्थिती अर्नोल्डपाशी एका युगाची स्थिती झाली.

६

आता हार्डीकडे वळता येईल. ज्या कवितेला आज सर्वजण 'द डार्कलिंग थ्रश' म्हणून ओळखतात, ती प्रथम 'द ग्राफिक' या साप्ताहिकात २९ डिसेंबर १९०० रोजी प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचे नाव वेगळे होते. शतकाच्या मृत्युशय्येपाशी, अशा अर्थाचे ते नाव होते. पुढे 'पोएम्स ऑफ द पास्ट अँड द प्रेझेंट' या संग्रहात हार्डीने ते बदलले. आणखी एक गोष्ट अशी की, हा शब्द कवितेच्या बत्तीस ओळींत कोठेही नाही. तो फक्त शीर्षकात आहे, आणि शीर्षकातही तो मागाहून आला आहे. कवीने आपलीच कविता पुन्हा वाचून तिच्यावर केलेले ते एका शब्दाचे भाष्य होय.

पहिल्या शीर्षकाने कविता एका प्रसंगाची झाली होती. शतक सरले की तिचे प्रयोजनही सरावे अशी. नव्या शीर्षकाने शतक मागे सरले आणि पक्षी पुढे आला. आणि तोही एकटा आला नाही. मिल्टनचा झाडीतला पक्षी आणि किट्सचा नाइटिंगेल यांच्या रांगेत हार्डीने आपला थ्रश बसविला. परंतु हा पक्षी त्या घराण्यातला नाही. तो म्हातारा आहे, कृश आहे, वाऱ्याने त्याची पिसे विस्कटली आहेत. थ्रश हिवाळ्यात आणि दिवस मावळताना गातो, हे डॉर्सेटच्या ग्रामीण भागात वाढलेल्या हार्डीला पूर्ण ठाऊक असणार. तेव्हा त्या गाण्यात चमत्कार असा काही नाही. प्रश्न आहे तो त्या गाण्याच्या अर्थाचा.

याविषयी वाचकांचे दोन पक्ष पडतात. एका पक्षाच्या मते निराशावादी म्हणून ख्यात असलेल्या हार्डीने येथे आशेची कबुली दिली आहे. पक्ष्याला काहीतरी ठाऊक आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते हा निव्वळ उपरोध आहे; पक्ष्याला काहीच ठाऊक नाही आणि म्हणूनच तो गातो. 'सांजवेळचा थ्रश' असे भाषांतर करणारा या वादातून अंग काढून घेतो, आणि 'अंधारलेला थ्रश' म्हणणारा नकळत दुसऱ्या पक्षाकडे झुकतो. पण शब्दाचा इतिहास मनात ठेवून कविता वाचली म्हणजे तिची रचना निराळी दिसते. शीर्षक अंधार पक्ष्याकडे देते. कवितेच्या अखेरीस मात्र, पक्ष्याला ठाऊक असलेली एखादी आशा असावी आणि आपल्याला तिची वार्ता नसावी असे वाटू शकले असते, असे सांगून कवी अज्ञान स्वतःकडे घेतो. 'वाटू शकले असते' या रचनेतील सावधपणा महत्त्वाचा आहे. तो होकारही नाही आणि नकारही नाही. पक्षी अंधारात आहे हे शीर्षक म्हणते, आपण अंधारात आहोत हे अखेरचा शब्द म्हणतो. मिल्टनने जोडलेले आणि किट्सने तोडलेले पक्षी व कवी हार्डीने पुन्हा एकाच अंधारात आणून उभे केले. फरक एवढाच की, त्यांच्यापैकी एक गातो आहे.

म्हणून 'डार्कलिंग'चा हार्डीने केलेला उपयोग हा त्या शब्दाच्या मूळ प्रकृतीकडे परतणे आहे. रूपाने ते विशेषण आहे, पण वृत्तीने क्रियाविशेषण. थ्रश कसा आहे, हे तो शब्द सांगत नाही. थ्रश कोणत्या स्थितीत गातो, हे सांगतो.

७

कुंतकाने 'वक्रोक्तिजीवित'मध्ये विशेषणवक्रतेचा स्वतंत्र विचार केला आहे. विशेषणाच्या सामर्थ्याने क्रियेचे किंवा कारकाचे सौंदर्य प्रकट होते, हा त्याचा अभिप्राय. विशेषणाचा विचार करताना त्याने क्रियेलाही सामावून घेतले, ही गोष्ट 'डार्कलिंग'सारख्या शब्दाच्या संदर्भात फार अर्थपूर्ण वाटते. आनंदवर्धनाने तर 'ध्वन्यालोका'च्या दुसऱ्या उद्द्योतात 'अंध' या शब्दाचेच उदाहरण घेतले आहे. रामायणाच्या अरण्यकांडातील हेमंतवर्णनात निस्तेज चंद्राला श्वासाने अंध झालेल्या आरशाची उपमा आहे. आरशाला डोळे नसतात. म्हणून वाच्यार्थ पूर्णपणे बाजूस सारला जातो आणि शोभाहीनता, निरुपयोगीपणा असे अनेक अर्थ ध्वनित होतात. अर्नोल्डच्या मैदानाची जात हीच आहे.

मराठीपाशी या शब्दाला जोड नाही, असे म्हणून स्वस्थ बसण्याचे कारण नाही. 'अंधार' आणि 'आंधळा' हे दोन्ही शब्द एकाच 'अंध'पासून आलेले आहेत. इंग्रजी शब्दाला दृष्टिहीनतेचा जो पदर मिल्टनच्या आयुष्यामुळे मिळाला, तो मराठीच्या शब्दांत जन्मतःच आहे. शिवाय 'अंधारणे' हा धातू मराठीत जिवंत आहे. कवींना तो घडवावा लागला नाही. अर्नोल्डच्या मैदानाला 'अंधारते' म्हणता येते आणि ते शोभते. पण तोच शब्द हार्डीच्या पक्ष्याला लावला की विपरीत होते. पक्षी काळवंडत चालला आहे, असा अर्थ होतो. तेथे अनुवादकाने विशेषणाचा हट्ट सोडून शब्दाच्या जुन्या स्वभावाला शरण जावे आणि 'अंधारात गाणारा थ्रश' असे सरळ म्हणावे, हे अधिक इमानाचे ठरेल. शब्दसंख्या वाढेल, पण गाणारा हरवणार नाही. मिल्टनसाठी 'काळोखात', जॉन्सन यांच्यासाठी 'चाचपडत' किंवा 'नकळत', असे निरनिराळे शब्द घ्यावे लागतील. एका शब्दाला एकच प्रतिशब्द हा कोशाचा नियम कवितेला लावला की, तीनशे वर्षांचा संचित अर्थ एका रंगात बुडून जातो.

विरळ शब्द कवितेत दोन प्रकारांनी येतात. काही केवळ जुनेपणाची झिलई देण्यासाठी येतात आणि ते काढून टाकले तरी कवितेचे काही जात नाही. 'डार्कलिंग' पुष्कळ सामान्य कवींच्या हाती असाच आला आहे, आणि जॉन्सन यांच्या शेऱ्यातील तुच्छता त्यांना लागू पडते. पण मिल्टन, किट्स, अर्नोल्ड आणि हार्डी यांच्या रचनांत या शब्दाच्या जागी 'डार्क' घालून पाहावे. अंधार तसाच राहील. त्या अंधारात जो टाकला गेला, जो गायला, ज्याने ऐकले आणि जो न ओळखता लढला, तो मात्र दिसेनासा होईल. या विशेषणाने आपल्या व्याकरणाची कूस बदलली, पण आपल्या माणसाची साथ सोडली नाही. आणि त्याचा अर्थ त्या माणसासकटच घ्यावा लागतो.